सौदीचा क्लब, खेळाडू पाच देशांचे: ईस्पोर्ट्समध्ये ‘आपली टीम’ ओळखायची कशी?

२०२५ च्या सप्टेंबरात जर्मनीतल्या हँबर्गला ‘द इंटरनॅशनल’ झाली. ‘डोटा २’ हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांसाठी याहून मानाची स्पर्धा नाही. अंतिम सामन्यात ‘टीम फाल्कन्स’ने चीनच्या ‘एक्स्ट्रीम गेमिंग’ला ३-२ असं हरवलं आणि सौदी अरेबियाचा क्लब जगज्जेता झाला. आता या क्लबकडून खेळलं कोण, ते बघा. एक स्लोव्हाकियाचा, एक रशियाचा, एक जॉर्डनचा, एक डेन्मार्कचा, एक अमेरिकेचा. प्रशिक्षक कॅनडाचा. सौदीचा एकही नाही.

मग जिंकलं कोण? रियाधमध्ये आनंद साजरा करायचा की स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लावात? हा प्रश्न यापुढे वारंवार पडणार आहे. २०२६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात जपानमधल्या आइची-नागोया आशियाई स्पर्धेत ईस्पोर्ट्सला पदकं आहेत, आणि देशविरुद्ध देश असा ‘ईस्पोर्ट्स नेशन्स कप’ही रियाधमध्ये घ्यायचं जाहीर झालेलं आहे. घरातली तरुण मंडळी मोबाइलवर काय बघतायत आणि मधूनच तिरंग्याची इमोजी का टाकतायत, हे कळायला थोडी पायाभूत माहिती हवी.

आधी एक गैरसमज बाजूला

ईस्पोर्ट्स म्हणजे व्हिडिओ गेमच्या व्यावसायिक स्पर्धा. ठरलेले नियम, पंच, पगारी खेळाडू, प्रशिक्षक, बक्षिसं, सगळं असतं. रमीच्या जाहिराती बघून अनेकांनी हे सगळं एकाच पारड्यात टाकलंय, पण कायद्याने ते वेगळं केलेलं आहे. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ईस्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घातली आणि ईस्पोर्ट्सला स्वतंत्र मान्यता दिली.

मैदानी खेळांपेक्षा यात एक फरक फार मोठा आहे. क्रिकेट कुणाच्या मालकीचं नाही. उद्या आयसीसी बुडाली तरी शिवाजी पार्कवर मॅच होणारच. व्हिडिओ गेम मात्र कंपनीच्या मालकीचा असतो. ‘लीग ऑफ लेजंड्स’ रायट गेम्सचा, ‘डोटा २’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक’ व्हॉल्व्हचे, ‘स्टारक्राफ्ट’ ब्लिझर्डचा, ‘बीजीएमआय’ क्राफ्टनचा. अशा कंपनीला पब्लिशर म्हणतात. परदेशी खेळाडू किती चालतील, कोणत्या देशाचा माणूस कुठल्या लीगमध्ये खेळेल, हे बहुतेक वेळा पब्लिशरच ठरवतो. त्याचं गिऱ्हाईक जगभर पसरलेलं असतं. त्यामुळे या नियमांत देशप्रेम शोधायला गेलात तर बहुधा धंद्याचा हिशोब हाती लागेल.

एकाच खेळाडूचे तीन पत्ते

व्यावसायिक खेळाडूला तीन वेगवेगळ्या ओळखी असतात. पहिली पासपोर्टची. दुसरी क्लबची, म्हणजे पगार कोण देतं. तिसरी प्रदेशाची, म्हणजे तो राहतो कुठे आणि कुठल्या लीगमध्ये खेळतो. गोंधळ होतो तो आपण एकीची निष्ठा दुसरीकडे मागतो तेव्हा.

क्रिकेटने आपल्याला हे आधीच शिकवलेलं आहे. २ एप्रिल २०११, वानखेडे, विश्वचषकाचा अंतिम सामना. लसिथ मलिंगाने आधी सेहवागला पायचीत केलं आणि मग सचिनला संगकाराकडे झेल द्यायला लावला. सगळं स्टेडियम गप्प. तो सचिन मुंबई इंडियन्समधला मलिंगाचा कर्णधार होता. त्याच महिन्यात आयपीएल सुरू झाली, आणि ज्या मुंबईकरांनी मलिंगाला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या तेच त्याच्या यॉर्करवर उभं राहून टाळ्या वाजवत होते. कुणी त्याला गद्दार म्हटलं नाही, श्रीलंकेतही नाही आणि इथेही नाही. देशाची जर्सी वेगळी, फ्रँचायझीची वेगळी, हे आपण न शिकवता समजून घेतलं. ईस्पोर्ट्समध्ये तेच आहे, फक्त जर्सी बदलायचा वेग जास्त.

हांगझोउची उपांत्य फेरी

किती जास्त, ते २०२३ मध्ये दिसलं. कोविडमुळे एक वर्ष लांबलेल्या आशियाई स्पर्धा चीनमधल्या हांगझोउ शहरात झाल्या, आणि त्यात ईस्पोर्ट्सला पहिल्यांदा अधिकृत पदकं होती. ‘लीग ऑफ लेजंड्स’च्या उपांत्य फेरीत २८ सप्टेंबरला दक्षिण कोरिया आणि चीन समोरासमोर आले. या खेळात पाच विरुद्ध पाच असा सामना होतो.

कोरियाच्या पाचांत कनावी आणि रूलर हे दोघे होते (हे खेळाडू टोपणनावांनीच ओळखले जातात). पासपोर्ट कोरियाचा, पण पगार चीनच्या ‘जेडी गेमिंग’ क्लबचा. समोर चीनच्या संघात नाइट नावाचा खेळाडू, तोही जेडी गेमिंगचाच. म्हणजे हे तिघे वर्षभर एका टीममध्ये होते. एकत्र त्यांनी चीनची लीग दोनदा जिंकली होती आणि मे महिन्यात लंडनला आंतरराष्ट्रीय स्पर्धाही. नाइटला कुठली चाल आवडते, दबावाखाली तो कुठे सरकतो, हे त्या दोघांना ठाऊक; त्यांच्या सवयी नाइटला ठाऊक. प्रेक्षक अर्थातच चीनचे. कोरियाने २-० जिंकलं. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत चायनीज तैपेईलाही २-० हरवून सुवर्ण घेतलं.

या सुवर्णाला नुसतं सोन्याचं मोल नव्हतं. दक्षिण कोरियात धडधाकट तरुणाला साधारण दीड वर्ष सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. आशियाई सुवर्ण मिळालं की काही आठवड्यांचं प्राथमिक प्रशिक्षण आणि ५४४ तासांची समाजसेवा, एवढ्यावर ते भागतं. ज्या खेळात पंचविशीतल्याला म्हातारा म्हणतात, तिथे दीड वर्ष बाहेर बसणं म्हणजे जवळपास निवृत्तीच. म्हणून कोरियाचे खेळाडू देशासाठी जीव तोडून खेळले याचं कारण देशप्रेम की सुटका, असा टोमणा तेव्हा कुणी ना कुणी मारणारच होतं. मला तो टोमणा पोकळ वाटतो. देशाने बक्षीस ठेवलं आणि खेळाडूने ते कमावलं. यात निष्ठेला बाध येतो कुठे?

खरी गंमत पुढची. दीड महिन्याने, १२ नोव्हेंबरला, कोरियातल्या बुसानमध्ये क्लबांच्या विश्वचषकाची उपांत्य फेरी होती. एका बाजूला चीनचा जेडी गेमिंग: कनावी, रूलर, नाइट पुन्हा खांद्याला खांदा लावून. दुसऱ्या बाजूला कोरियाचा ‘टी-१’ क्लब: त्यात फेकर, झ्यूस आणि केरिया. हे तिघेही हांगझोउच्या त्याच सुवर्णविजेत्या संघात होते. (फेकर हा या खेळातला सर्वात मोठा तारा, पण हांगझोउला तो फ्लूने आजारी होता आणि बाद फेरीत त्याच्या जागी चोवी खेळला.) सप्टेंबरात एकत्र सुवर्ण घेणारे नोव्हेंबरात एकमेकांची वाट अडवत होते. टी-१ ने ३-१ जिंकलं. बुसानचे प्रेक्षक साहजिकच टी-१ च्या बाजूने होते. पुढे अंतिम सामनाही टी-१ ने जिंकला.

मग परदेशी खेळाडूंवर मर्यादा कशाला?

सगळं इतकं मोकळंढाकळं आहे तर कुणालाही कुठेही खेळू द्यावं की! हे करून बघितलेलं आहे, आणि त्यातून काय झालं तेही माहीत आहे.

‘स्टारक्राफ्ट’ हा एकास एक असा डावपेचांचा खेळ. १९९८ मध्ये आलेल्या या खेळाने दक्षिण कोरियात वेड लावलं. टीव्ही चॅनेल, कंपन्यांचे संघ, दिवसभर सराव. नवशतकाच्या सुरुवातीला गियोम पात्री नावाच्या एका कॅनेडियनने तिथे जाऊन मोठी स्पर्धा जिंकली होती, पण त्यानंतर बाकीचं जग मागेच पडलं. २०१३ मध्ये ब्लिझर्डने ‘स्टारक्राफ्ट २’ साठी कोरिया, अमेरिका आणि युरोप अशा तीन प्रादेशिक लीग काढल्या, पण कोण कुठे खेळेल यावर बंधन ठेवलं नाही. कोरियन खेळाडू सरळ अमेरिका आणि युरोपच्या लीगमध्ये शिरले. त्या वर्षी अमेरिकेच्या लीगचे तिन्ही हंगाम कोरियन जिंकले. युरोपचेही तिन्ही.

यात कोरियनांची चूक काय? काहीच नाही. ते चांगले होते. पण पोलंडमधल्या सोळा वर्षांच्या मुलाने बघायचं काय? युरोपची लीग त्याच्यासाठी पहिली पायरी होती, आणि पहिल्याच पायरीवर जगातले सर्वोत्तम बसलेले. सरावाचा पगार मिळायच्या आत तो खेळ सोडणार. तो गेला की त्याला बघणारे त्याच्या गावचे चारशे जणही गेले.

म्हणून ‘रीजन लॉक’ आला, म्हणजे ज्या प्रदेशात खरोखर राहतोस त्याच प्रदेशाच्या लीगमध्ये खेळ, असा नियम. २०१५ पासून त्या प्रदेशाचं नागरिकत्व किंवा तिथे राहायचा व्हिसा लागू लागला, पुढच्या वर्षी नियम आणखी आवळला. ‘लीग ऑफ लेजंड्स’मध्येही हेच घडलं. २०१४ चा विश्वचषक जिंकलेल्या सॅमसंग व्हाइटचे आणि त्यांच्या जोडीच्या सॅमसंग ब्लूचे मिळून दहाच्या दहा खेळाडू मोठ्या पगारावर चीनला गेले. रायटने २०१५ च्या हंगामापासून नियम लागू केला: पाचांत किमान तिघे स्थानिक हवेत. आयपीएलमध्ये अकरात चारच परदेशी चालतात, त्याच जातीचा हा नियम.

नीट पाहिलं तर यात जन्म कुठे झाला हे विचारलेलं नाही, राहतोस कुठे हे विचारलंय. मला हे बरोबर वाटतं. पोल्ट नावाचा एक कोरियन खेळाडू अमेरिकेत शिकायला म्हणून राहत होता, तो २०१५ च्या नियमानंतरही अमेरिकेच्या प्रदेशातून खेळत राहिला. चेहरा पाहून अडवलं असतं तर तो वंशवाद झाला असता.

प्रदेशावर भर देण्यामागे एक रोकडं तांत्रिक कारणही आहे. ऑनलाइन खेळताना तुमची क्लिक सर्व्हरपर्यंत जाऊन यायला जो वेळ लागतो त्याला पिंग म्हणतात. मुंबईहून सिंगापूरच्या सर्व्हरवर तो चालण्यासारखा असतो, अमेरिकेच्या सर्व्हरवर खेळायला बसलात तर शत्रू दिसेपर्यंत तुम्ही मेलेले असता. त्यामुळे रोजचा सराव, ओळखी, प्रतिस्पर्धी, सगळं भूगोलाने बांधलेलं राहतं.

“कुंपण घातलं की खेळाडू कच्चे राहतात”

हा आक्षेप वजनदार आहे. मोठ्यांशी भिडल्याशिवाय मोठं होता येत नाही, हे कुस्तीच्या तालमीतही सांगतात. रीजन लॉक आला तेव्हा अनेकांनी हेच म्हटलं की बिगरकोरियन आता आयत्या बक्षिसांवर सुस्तावतील.

झालं उलटं. फिनलंडचा योना सोताला, टोपणनाव सेराल, हा त्या कुंपणाआड वाढला. कोरियात मुक्काम टाकून तालीम करायचा जुना रस्ता त्याने धरलाच नाही, घरी राहूनच सराव केला. २०१८ मध्ये त्याने प्रादेशिक स्पर्धा जिंकत जिंकत थेट जागतिक अंतिम फेरी गाठली आणि कोरियाच्या स्टॅट्सला ४-२ हरवलं. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला बिगरकोरियन. त्याच वर्षी फेब्रुवारीत कॅनडाच्या स्कार्लेटने, साशा हॉस्टिनने, प्योंगचांगच्या हिवाळी ऑलिंपिकला लागून झालेल्या स्पर्धेत कोरियाच्या सोझला हरवून विजेतेपद घेतलं होतं. सगळं श्रेय नियमाला देता येणार नाही, तोवर कोरियातली स्टारक्राफ्टची घडीही विस्कटली होती. पण कुंपणाने माणसं कच्ची राहतात हे काही खरं ठरलं नाही.

कुंपणच नसेल तर काय होतं, याचा सगळ्यात मजेशीर नमुना म्हणजे ‘ओव्हरवॉच’ या व्हिडिओ गेमची ‘ओव्हरवॉच लीग’. शहरांच्या नावाने संघ विकले होते, मुंबई-चेन्नईसारखे. २०१८ चं पहिलं विजेतेपद ‘लंडन स्पिटफायर’ने घेतलं. मालक अमेरिकन कंपनी, खेळाडू सगळेच्या सगळे कोरियन, साखळी सामने कॅलिफोर्नियात, अंतिम सामना न्यूयॉर्कमध्ये. लंडनच्या वाट्याला नाव तेवढं आलं. २०२३ च्या हंगामानंतर ती लीग बंद पडली. कारणं बरीच होती, पण ज्या गावात संघ खेळतच नाही त्या गावाने त्याच्यावर जीव कसा टाकावा?

एका भाषेत ओरडता आलं पाहिजे

काउंटर-स्ट्राइक या पाच विरुद्ध पाच अशा गोळीबाराच्या खेळात परदेशी खेळाडूंवर तशी बंदी नव्हती, तरी वर्षानुवर्षं संघ एकेका देशाचेच असायचे. कारण भाषा. एक राउंड एक मिनिट पंचावन्न सेकंदांचा. बॉम्ब लावला की फुटायला चाळीस सेकंद. तेवढ्यात हेडफोनमध्ये पाच जण एकमेकांना सांगत असतात: दोघे दिसले, एकाला लागलंय, मी धूर टाकतो, थांब, आता शिर. याला ‘कॉल’ म्हणतात. मनात भाषांतर करायला अर्धा सेकंद लागला तर राउंड गेला. डेन्मार्कच्या ‘अस्ट्रॅलिस’ने पाचही डॅनिश खेळाडूंनिशी २०१७ ते २०१९ मध्ये चार मेजर जिंकल्या (मेजर म्हणजे या खेळाची सर्वोच्च स्पर्धा), तेव्हा लोकांना वाटलं, हाच एक मार्ग. मग २०२२ मध्ये अँटवर्पला ‘फेझ’ने मेजर जिंकली. डेन्मार्क, नॉर्वे, कॅनडा, एस्टोनिया, लाटव्हिया, पाच देशांचे पाच खेळाडू, कॉल इंग्रजीत. इंग्रजी बऱ्यापैकी येणारी पिढी तयार झाली आणि देशाची भिंत आपोआप खचली.

“खेळात राजकारण आणू नका”

हे बोलायला सोपं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा युक्रेनच्या ‘नावी’ क्लबचा काउंटर-स्ट्राइक संघ त्या खेळातला अव्वल संघ होता. पाचांत दोघे युक्रेनचे, तिघे रशियाचे. आदल्या नोव्हेंबरात स्टॉकहोमची मेजर त्यांनी एकत्र जिंकली होती. एकाच्या देशाची रणगाड्यांची रांग दुसऱ्याच्या देशात घुसली आहे, आणि दोघांनी मिळून भिंतीआडच्या तिसऱ्याला मारायचंय. यात राजकारण आणायला कुणी बाहेरून यावं लागत नाही.

आयोजक कंपनी ईएसएलने काय केलं? रशियन सत्तेशी संबंध असल्याचं कारण देऊन काही क्लबांना बाहेर ठेवलं, पण खेळाडूंना दार उघडं ठेवलं: क्लबचं नाव नको, देशाचं नको, तटस्थ नावाने खेळा. ‘व्हर्तुस.प्रो’चे खेळाडू मग ‘आउटसायडर्स’ या नावाने उतरले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये रिओची मेजर चक्क जिंकले. क्लबची निष्ठा आणि माणसाची निष्ठा वेगळी धरायचा हा प्रयत्न होता. अर्धवट होता, असं म्हणणारे दोन्हीकडे आहेत. युक्रेनच्या चाहत्याला तो पळवाट वाटला तर त्याला दोष देता येत नाही.

नावीमध्ये रशियन खेळाडू लगेच गेले नाहीत. एक २०२२ च्या मेमध्ये, उरलेले दोघे २०२३ च्या मध्याला. मग क्लबने फिनलंड, रोमानिया, लिथुआनिया असे खेळाडू घेतले आणि संघाची आतली भाषा रशियनची इंग्रजी झाली. या नव्या संघाने मार्च २०२४ मध्ये कोपनहेगनची मेजर फेझला हरवून जिंकली. क्लब युक्रेनचा, युक्रेनियन खेळाडू दोघेच, तरी तो विजय कीवमध्ये आपला मानला गेला तर नवल नाही.

आणि आपण?

भारतात निष्ठेचा प्रश्न आधी खेळाडूवरून नाही, खेळावरून आला. २ सप्टेंबर २०२० ला ‘पबजी मोबाइल’वर बंदी आली, कारण तिच्यामागे चीनची टेन्सेंट होती. देशातल्या पगारी खेळाडूंचा धंदा एका संध्याकाळीत बसला. जुलै २०२१ मध्ये कोरियन क्राफ्टनने तोच खेळ भारतापुरता ‘बीजीएमआय’ म्हणून आणला, २०२२ मध्ये तोही हटवला गेला, मे २०२३ मध्ये परतला. यात देशी खेळ एकही नव्हता, होते ते फक्त वेगवेगळ्या देशांचे परदेशी.

दुसरा प्रश्न ‘ग्लोबल ईस्पोर्ट्स’चा. ‘व्हॅलोरंट’ या व्हिडिओ गेमच्या पॅसिफिक लीगमध्ये २०२३ पासून भारताकडून हा एकच क्लब आहे. पहिल्याच वर्षी स्करॉसी आणि लाइटनिंगफास्ट या भारतीयांबरोबर कोरियाचे आणि इंडोनेशियाचे खेळाडू होते. हरलं की समाजमाध्यमांवर दोन्ही बाजूंनी ओरड: एक म्हणतात, परदेशी घेऊन भारताचं नाव कशाला लावता; दुसरे म्हणतात, भारतीय घेतले म्हणून हरलो. दोघांचंही चुकतं ते एकाच जागी. हा क्लब आहे, राष्ट्रीय संघ नाही. त्याच्याकडून मागायचं ते भारतीय पोरांना कोरियनांबरोबर रोज सरावाला बसवतो का, आणि राखीव बाकावर कोण आहे, एवढं.

देशाचा हिशोब मागायचा तर तो हांगझोउसारख्या ठिकाणी. तिथे ‘लीग ऑफ लेजंड्स’मध्ये भारत उपांत्यपूर्व फेरीत व्हिएतनामकडून हरला. व्हिएतनामला स्वतःची लीग होती, आपल्याला त्या खेळाची तशी पगारी लीगच नव्हती. २०१८ ला जाकार्तात ईस्पोर्ट्स प्रदर्शनीय होतं तेव्हा भुजच्या तीर्थ मेहताने ‘हर्थस्टोन’मध्ये कांस्य आणलं होतं, पण तो एकट्याने खेळायचा पत्त्यांचा खेळ; पाच जणांचा संघ लीगशिवाय उभा राहत नाही. नागोयाच्या संघांची यादी लागेल तेव्हा खेळाडूच्या नावापुढचा झेंडा सगळेच बघतील. तो वर्षभर कुठल्या लीगमध्ये खेळतो, आधी ते बघा.